सौर पंप बसविण्यापूर्वी विहीर मोजा
शिरूर-दौंड परिसरातील बदलते हवामान आणि अपारंपरिक ऊर्जा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो आणि कृषि हवामानाच्या विभागणीत हा भाग अवर्षणप्रवण विभागात मोडतो. तरीही एकाच तालुक्यात दोन प्रकारची शेती पाहावयास मिळते. दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमेच्या काठी आणि खडकवासल्याच्या कालव्याखाली बारमाही ऊस उभा असतो, तर दक्षिणेकडे कुरकुंभ, जिरेगाव, कुसेगावच्या माळावर बाजरी आणि रब्बी ज्वारीचाच आधार असतो. शिरूर तालुक्यात घोड व भीमेचा काठ, चासकमान व डिंभे धरणांचे कालवे यांमुळे काही गावे बागायती झाली. पण पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाईच्या बाजूला उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याचीसुद्धा चिंता असते.

या दोन्ही प्रकारच्या शेतीत एक गोष्ट समान आहे. पाणी नदीतून, विहिरीतून वा बोअरमधून वर आणावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा लागते. पूर्वी बैल मोट ओढत, नंतर डिझेल इंजिने आली, मग वीज आली आणि आता सूर्य आला आहे. सूर्याची ऊर्जा ही आपल्या भागाला मिळालेली मोठी देणगी आहे यात शंका नाही. परंतु सौर पंप वीज देतो, पाणी देत नाही, हा फरक बऱ्याच शेतकरी बंधूंच्या लक्षात पंप बसल्यावर येतो. म्हणून प्रस्तुत लेखात ऊर्जेबरोबरच विहिरीचाही हिशेब मांडला आहे.

हवामानात नेमके काय बदलले?

कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यामुळे हवेतील कर्बवायूचे प्रमाण वाढत आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते; आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हा वायू उष्णता धरून ठेवतो. २०२४ हे वर्ष मोजणी सुरू झाल्यापासून जगातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले व त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक होते.

दीड अंशाने काय होते, असे कोणी विचारील. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस लांबला तर जमिनीतील ओल लवकर उडते आणि पाऊस आला तर तो एकदम कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दिसून आले.

आपल्या भागातील अनुभव याहून वेगळा नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री दौंड, बारामती, इंदापूर परिसरात मुसळधार पाऊस होऊन ओढ्यांना पूर आले, उभी पिके आडवी झाली आणि माणसे वाहून गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली. ऑक्टोबरअखेर शासनाने राज्यातील ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत शिरूर व दौंड हे दोन्ही होते. आणि २०२५ साली मे महिना संपण्यापूर्वीच मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोहोचला. दौंड-बारामती-इंदापूर पट्ट्यात शेवटच्या आठवड्यात असा पाऊस झाला की उन्हाळी नांगरट करून ठेवलेल्या रानात तळी साचली.

सरासरी पाहिली तर ५०० मि.मी. पाऊस ५०० मि.मी.च राहतो. पण पूर्वी जो पाऊस पस्तीस-चाळीस दिवसांत मुरवणीने पडावा अशी अपेक्षा असे, तोच जर चार-सहा जोरदार सरींत पडला तर जमिनीत मुरतो थोडा आणि ओढ्याने जातो फार. आपल्या भागातील खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात, मांजऱ्या खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. अशी साठवण मुळातच थोडी असते. ती सावकाश भरते आणि उपसा केला तर झपाट्याने रिकामी होते. म्हणजे हवामान बदलाचा पहिला फटका आपल्या विहिरीला बसतो. पिकाला तो नंतर जाणवतो.

पिकांवरील परिणाम सर्वांना ठाऊक आहेतच. ढगाळ हवेने कांद्यावर करपा व फुलकिडे, डाळिंबावर तेल्या, गव्हाचे दाणे भरताना फेब्रुवारीतच वाढणारी उष्णता, आणि तापमान वाढल्यामुळे प्रत्येकच पिकाची वाढलेली पाण्याची गरज. शेवटची बाब येथे महत्त्वाची. विहिरीत पाणी कमी आणि पिकाला गरज अधिक, अशा कात्रीत सौर पंप येत आहे.

दिवसाची वीज हवीच

शेतीपंपाला तीन फेजची वीज साधारण आठ तास मिळते आणि दिवस-रात्रीची पाळी आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात थंडीत दारे धरणे काय असते हे वेगळे सांगावयास नको. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांत त्यात बिबट्याची भर पडली आहे. उसात बिबट्याची मादी विते, पिल्ले उसातच वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसे दगावली. अशा भागात दिवसा वीज मागणे म्हणजे सोय मागणे नव्हे.

रात्रीच्या विजेचा आणखी एक तोटा आहे. उठावयास नको म्हणून बहुतेकांनी मोटारीला ऑटो स्विच लावले आहेत. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते आणि सकाळपर्यंत पाणी सरीतून बांधावर, बांधावरून रस्त्यावर जाते. उसाला पाणी जास्त झाले तरी ऊस बोलत नाही, पण मुळ्या गुदमरतात, खत वाहून जाते आणि चार-पाच वर्षांत जमीन चोपण होऊ लागते. दौंड तालुक्यात कालव्याखालच्या काळ्या जमिनींत हे डोळ्यांनी दिसते.

दिवसा वीज मिळण्याचे सध्या दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे गावाचा शेतीचा फीडरच सौर ऊर्जेवर नेणे. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दोन गावांपैकी एक होते शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी. २०२३ मध्ये या योजनेची दुसरी आवृत्ती आली. तीमध्ये उपकेंद्राच्या जवळच्या जमिनी भाड्याने घेऊन सौर प्रकल्प उभारले जातात व हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे, दरवर्षी ३ टक्के वाढीसह, ठरविण्यात आले आहे. फक्त मुरमाड, हलकी, पडीक जमीनच यासाठी द्यावी. दोन पिके देणारी जमीन पंचवीस-तीस वर्षांसाठी पट्ट्यांखाली झाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. करार करण्यापूर्वी तो संपूर्ण वाचून घ्यावा आणि मुदत संपल्यावर पाये व सांगाडे कोण काढणार हे त्यात लिहिले आहे की नाही ते पाहावे.

दुसरा मार्ग स्वतःच्या विहिरीवर सौर पंप. केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ पासून आहे आणि राज्यात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषि पंप' या नावाने महावितरणमार्फत पंप दिले जातात. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, अडीच ते पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्ती व त्यापुढे ७.५ अश्वशक्ती अशी पात्रता आहे. पाच वर्षे दुरुस्तीची हमी व विमा त्यातच येतो.

येथे काही शेतकरी असे म्हणतात की, एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल नाही, मग सौर पंप कशाला? बिलाचा विचार केला तर त्यांचे म्हणणे खरे आहे. सौर पंपाचा फायदा दिवसा, ठरलेल्या वेळी, फेज न जाता आणि मोटार न जळता पाणी मिळण्यात आहे. जेथे विजेचा खांबच विहिरीपासून लांब आहे तेथे तर तो एकमेव मार्ग आहे. मात्र फुकट वीज असो वा फुकट ऊन असो, उपशावरचा खर्चाचा लगाम दोन्हींत सुटतो.

पंप किती मोठा असावा?

पात्रता जमिनीच्या क्षेत्रावर ठरते, विहिरीवर नव्हे. चार एकरवाल्यास पाच अश्वशक्तीचा पंप मिळतो, मग त्याच्या विहिरीत तेवढे पाणी असो वा नसो. ही मर्यादा कमाल आहे. कमी क्षमतेचा पंप मागितला तर तो देण्याची तरतूद योजनेत आहे. ही तरतूद फार थोड्यांना माहीत असते, आणि ज्यांना माहीत असते त्यांनाही 'मिळतोय तर मोठाच घ्या' असा सल्ला पारावर मिळतो.

मोठ्या पंपाने काय होते ते उदाहरणाने पाहू. ३ अश्वशक्तीच्या पंपास सुमारे ३ किलोवॅट क्षमतेच्या सौर पट्ट्या लागतात. आपल्याकडील उन्हात, धूळ व उष्णतेची घट धरून, त्यांपासून दिवसाला साधारण साडेतेरा युनिट ऊर्जा मिळते असे समजू. विहिरीतील पाणी जमिनीपासून ४५ फुटांवर म्हणजे सुमारे १४ मीटर, पाइपातील घर्षण ४ मीटर आणि ठिबकला लागणारा दाब १२ मीटर, असा एकूण उपसा ३० मीटर झाला. पंप व मोटार मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर एक हजार लिटर पाणी ३० मीटर चढविण्यास सुमारे ०.२ युनिट लागते. म्हणजे ३ अश्वशक्तीचा पंप दिवसाला जवळजवळ ६६ हजार लिटर पाणी काढील. ५ अश्वशक्तीचा १ लाख १० हजार लिटर. एकूण उपसा ६० मीटर असेल, जसा बोअरचा असतो, तर हे आकडे निम्मे होतात.

आता विहिरीची आवक मोजू. यासाठी मे महिन्याचा दुसरा आठवडा निवडावा, कारण त्या वेळी विहिरीची खरी ताकद कळते. दिवाळीत मोजलेली विहीर सर्वांचीच श्रीमंत असते. मोटार लावून पाणी तळाशी एक-दोन पुरुष राहील इतके उपसावे. मोटार बंद करून दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पाहावी व दोरीला गाठ मारावी. नंतर दर तासाला पातळी किती चढली ते लिहावे. शेजारच्या विहिरीवरील मोटार त्या दिवशी बंद ठेवावयास सांगितल्यास उत्तम; सुरू असेल तर तसे लिहून ठेवावे.

विहिरीचा व्यास २० फूट असेल तर तिचे क्षेत्रफळ ३१४ चौरस फूट होते आणि एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. समजा मेमध्ये एक फूट पाणी चढण्यास चार तास लागले, तर तासाला २,२०० लिटर आवक झाली. चोवीस तासांचे ५३ हजार लिटर होतात, पण पाणी जसे वर चढते तसा झऱ्याचा जोर कमी होतो, म्हणून ४० हजार लिटरच हिशेबात धरावे.

या विहिरीवर ३ अश्वशक्तीचा पंपसुद्धा मेमध्ये पूर्ण दिवस चालणार नाही. तेथे ५ अश्वशक्तीचा बसविला तर सकाळी अकरापर्यंत विहीर कोरडी पडेल, दिवसभर पंप बंद-चालू होत राहील, आणि मग शेतकरी तोच मार्ग धरील जो सर्वांनी धरला आहे: विहिरीत आडवे-उभे बोअर, ते आटले की आणखी खोल बोअर. खोल बोअरला उपसा दुप्पट, म्हणजे त्याच पट्ट्यांवर पाणी निम्मे. खर्च केलेल्या पैशाने पाणी कमीच होत जाते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचेही जाते ते वेगळे.

पीक ठरवावे पाण्यावर

एका एकरावर एक मि.मी. पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर, हे गणित प्रत्येक बागायतदाराने पाठ करावे. मे महिन्यात उभ्या उसाला आपल्याकडे दिवसाला ८ मि.मी.च्या आसपास पाणी लागते, म्हणजे एकरी ३२ हजार लिटर. वरील ४० हजार लिटरच्या विहिरीवर ठिबक असले तरी एक एकराच्या थोडाच पुढे ऊस जगेल. तीन एकर ऊस लावला तर रोज ९६ हजार लिटर कोठून आणावयाचे? याउलट साडेचार बाय तीन मीटरवर लावलेल्या डाळिंबाची एकरी सुमारे ३०० झाडे बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला ५० लिटर धरले तरी एकरी १५ हजार लिटर होतात, आणि त्याच विहिरीवर दोन ते अडीच एकर बाग निभावते. रब्बी कांद्याला दिवसाला ४ ते ५ मि.मी. लागते, पण तो मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि मेमधील विहिरीवर भार टाकत नाही. शिरूर तालुक्यात कांदा टिकला त्याला हे एक कारण आहे.

कालव्याचे पाणी ज्यांना मिळते त्यांनीही हा हिशेब सोडू नये. आवर्तन लांबले की त्यांचाही भार विहिरीवरच येतो.

हिवरे बाजार (जि. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर) येथे दरवर्षी पडलेल्या पावसावरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घेण्यास व ऊस-केळीसारख्या पिकांस तेथे गावाने बंदी केली आहे. प्रत्येक गावात एवढी एकजूट होईलच असे नाही. पण एका विहिरीचा ताळेबंद एका कुटुंबाला मांडता येतो. त्यास ग्रामसभा लागत नाही.

शेततळ्याविषयी थोडे. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी शेततळे उत्तम. परंतु अलीकडे दिवाळीनंतर बोअरचे पाणी काढून प्लॅस्टिकच्या तळ्यात साठविण्याची पद्धत वाढली आहे आणि सौर पंपाने ती आणखी सोपी झाली. दहा गुंठे पृष्ठभागाच्या तळ्यातून एप्रिल-मेमध्ये रोज सुमारे ८ हजार लिटर पाणी वाफ होऊन उडते. खडकात सावलीत असलेले पाणी उन्हात आणून ठेवण्यासारखेच हे आहे. बाग वाचविण्यापुरता अशा तळ्याचा वापर समजण्यासारखा आहे. तळे भरलेले दिसते म्हणून ऊस वाढविणे समजण्यासारखे नाही.

बसविताना व नंतरची काळजी

ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत बरोबर नाही. पट्ट्यांना प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पट्टी २५ अंशांपेक्षा जितकी तापेल तितकी दर अंशाला तिची शक्ती ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात पट्टी ६० अंशांवर जाते, म्हणजे १२ ते १४ टक्के घट होते. डिसेंबर-जानेवारीतील स्वच्छ थंड दिवसांत पंप चांगला चालतो तो यामुळे. पट्ट्यांखाली हवा खेळती राहील इतकी उंची ठेवावी. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेकडे व कल सुमारे १८ ते २० अंश असावा. सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत बाभूळ, नारळ वा विजेच्या खांबाची सावली पट्टीवर पडू देऊ नये. एका कोपऱ्यावरील सावलीनेही ओळीतील सर्व पट्ट्यांची वीज घटू शकते.

वळवाच्या वादळात सांगाडे उपटून पडतात. काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत न्यावा, कारण काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. वीजरोधक व अर्थिंग तपासून घ्यावे. पट्ट्यांची काच साधारण २५ मि.मी. व्यासाच्या गारेला टिकेल अशी तपासलेली असते; त्याहून मोठी गार पडली आणि काच फुटली तर विम्यासाठी लगेच छायाचित्र काढून कळवावे. पट्ट्या आठवड्यातून एकदा सकाळी, तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवाव्यात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली असलेल्या रानात काजळी बसते, तेथे अधिक वेळा धुवावे लागते.

सौर पंपाचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो. सकाळी कमी, बारा ते दोन भरपूर, पुन्हा कमी. पूर्ण रानाचे ठिबक एकाच व्हॉल्व्हवर असेल तर सकाळी शेवटच्या झाडाला थेंब पोहोचत नाही. रान लहान भागांत विभागून सकाळी एक व्हॉल्व्ह, दुपारी दोन किंवा तीन असे चालवावे. विहीर कोरडी पडताच पंप बंद करणारी यंत्रणा सुरू आहे याची खात्री करावी.

गोठा आणि गुऱ्हाळ

अपारंपरिक ऊर्जा म्हटले की हल्ली फक्त सौर पट्ट्या डोळ्यांसमोर येतात. पवनचक्कीला लागणारा वारा सह्याद्रीच्या पठारांवर मिळतो, आपल्या मैदानात फारसा नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ. पण शेणाचा आणि चिपाडाचा विचार सोडता येत नाही, कारण हे दोन्ही आपल्या दारातच आहे.

दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण व तेवढेच पाणी लागते. चार-पाच जनावरे असणाऱ्या दूध उत्पादकाकडे एवढे शेण असतेच. त्यातून मिळणारा गॅस चार-पाच माणसांच्या स्वयंपाकास पुरतो आणि महिन्याला दीड सिलिंडरच्या आसपास बचत होते. उघड्या, ओल्या उकिरड्यातून जो मिथेन वायू हवेत जातो तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो. तोच चुलीत जाळला तर उपयोग होतो. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा शेण कोमट पाण्यात कालवावे. अनेक गावांत जुनी संयंत्रे बंद पडून आहेत, त्याचे कारण बहुधा तांत्रिक नसते: रोज शेण कालविण्याचे काम घरातील कोणी करावयाचे हे ठरलेले नसते. ते काम सुनेच्या माथी मारून गॅसवर चहा मागणाऱ्यांनी स्वतः आठवडाभर करून पाहावे. संयंत्रातून निघणारी मळी कुजलेल्या शेणखताच्या बरोबरीची असते. ती उघड्यावर न वाळविता थेट पिकाला द्यावी.

दौंड तालुक्यात केडगाव व परिसरात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. गुऱ्हाळ हा शेकडो वर्षे अपारंपरिक ऊर्जेवर चाललेला उद्योग आहे, कारण उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटतो. तरीही काही गुऱ्हाळांवर प्लॅस्टिक, रबर, टाकाऊ कपडा असे जळण वापरले जाते. त्याच्या धुराने काम करणाऱ्या मजुरांना व शेजारच्या वस्तीला त्रास होतो आणि गुळाचे नावही खराब होते. असे जळण लागते याचे मूळ बहुतेक वेळा ओल्या चिपाडात असते. ताज्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. चुलवाणातील बरीच उष्णता ते पाणी उडविण्यातच खर्च होते. चिपाड उन्हात चांगले खडखडीत वाळवून व पावसाळ्यासाठी छपराखाली साठवून ठेवल्यास, चुलवाणात जाळी व हवेची योग्य सोय केल्यास आणि चिपाड एकदम न कोंबता थोडे थोडे टाकल्यास काहील स्वतःच्या चिपाडावर उकळते. सुधारित चुलवाणाविषयी आपल्या विद्यापीठाच्या कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे विचारणा करावी.

पाचटाविषयी मत वेगळे आहे. पुण्याच्या आरती या संस्थेने पाचटापासून कांडी कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तंत्र चांगले आहे. परंतु अवर्षणप्रवण भागात पाचटाची पहिली जागा सरीत आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट मिळते. प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून ते खोडव्यात कुजवावे. जमिनीतून उडणारी ओल त्याने वाचते आणि विहिरीवरील एखाद-दुसरी पाळी टळते. पाचट पेटवून देणे तर कोणत्याच हिशेबात बसत नाही.

नोंदवही

सौर पंपाची संख्या वाढत आहे, पण गावात तो दुरुस्त करणारा माणूस क्वचितच असतो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील शिक्षणक्रमाच्या चार भागांपैकी एक ऊर्जा व पर्यावरण हा आहे आणि मुले ते हाताने काम करून शिकतात. दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या मुलाला असे काही शिकविल्यास वाडी-वस्तीवरील पंप आठ-आठ दिवस तक्रारीच्या वाटेवर बंद राहणार नाहीत.

पंप बसविल्यावर साधी शंभर पानी वही करावी. नियंत्रकावर त्या दिवशी किती युनिट वीज झाली हे दिसते. ते आठवड्यातून एकदा लिहावे व समोर विहिरीची पातळी लिहावी. युनिट तेवढेच असून पाणी कमी येत असेल तर पंप किंवा पाइप तपासावा. युनिटच कमी झाले असतील तर पट्ट्या धुवाव्यात, सावली पाहावी. दोन्ही ठीक असून १५ मेची पातळी गेल्या वर्षीपेक्षा खाली गेली असेल, तर त्या वर्षी जूनमध्ये लागणीचे क्षेत्र ठरविताना ती वही घरातील सर्वांसमोर उघडावी.